उघडल्याशिवाय निदान नाही: आमची वाटचाल

सकाळी शटर वर केलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. काउंटरवर पिशवीतून लॅपटॉप काढत समोरचा विचारतो, "ताई, आता हा बदलावाच लागणार ना?" 2002 साली हाच प्रश्न सीपीयूबद्दल होता, मग प्रिंटरबद्दल झाला, आता लॅपटॉप आणि टॅबबद्दल आहे. या प्रश्नाला खरं उत्तर देणं हाच आमचा धंदा, असं मी मानते. मशीन विकणं त्याच्या नंतर येतं.

दुकान मूळ बाबांचं. सांगलीत गावभागाच्या कडेला, दहा बाय बाराचं, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं. लहानपणापासून मला सोल्डरिंगला लागणाऱ्या रोझिनचा वास म्हणजे बाबांचा वास वाटायचा. त्यांचा एक नियम होता: उघडल्याशिवाय भाव सांगायचा नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहून "अंदाजे किती होतील?" म्हणालं, तरी ते म्हणायचे, "बसा, आधी बघू तरी काय झालंय." मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आले तेव्हा गल्लीगल्लीत एमएस-सीआयटीचे क्लास निघत होते. नोकरीला लागलेल्यांना, लागू पाहणाऱ्यांना, सगळ्यांनाच ते सर्टिफिकेट हवं होतं, आणि क्लासवाल्यांना दहा-पंधरा मशिनं हवी होती. बाबांनी काउंटरचा अर्धा भाग मला मोकळा करून दिला. आमची सुरुवात ही एवढीच.

माल आणायला मुंबईला जायचं. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघायचं, दिवसभर लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार पालथा घालायचा आणि रात्रीच्या गाडीने परत. मॉनिटर आणि कॅबिनेट ट्रान्सपोर्टने यायचे, पण 40 जीबीच्या हार्ड डिस्क मी टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन यायचे. गाडीच्या धक्क्याने एक जरी गेली, तरी महिन्याचा नफा गेला. पहिली दोन वर्षं गिऱ्हाइकं दुकानात येऊन माझ्या खांद्यावरून आत बघायची: "कोणी माणूस नाही का रिपेअरला?" मी काही बोलायची नाही. मशीन उघडायची, रॅम काढायची, तिची सोनेरी कड खोडरबराने घासायची, परत बसवायची. दहापैकी तीन-चार वेळा "डिस्प्ले येत नाही" एवढ्यावरच सुटायचं. त्याचे पैसे घेतले नाहीत, की तोच माणूस पुढच्या महिन्यात भावाला घेऊन यायचा.

2003-04 च्या सुमाराला मदरबोर्ड मरायला लागले. वर्षभर चाललेलं मशीन अचानक रिस्टार्ट व्हायचं, मग चालूच व्हायचं नाही. बाजारातला सल्ला सरळ होता: बोर्ड बदला. मी दोन बोर्ड बदलले. तिसरा बाबांनी हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "अगं, हे कंडेन्सर फुगलेत." कंडेन्सर म्हणजे कपॅसिटर: प्रोसेसरच्या शेजारी उभे असलेले पाच-सहा. एरवी त्यांचं डोकं सपाट असतं, आता ते पुरीसारखं वर आलेलं, आणि एकाच्या फुलीतून तपकिरी चिकट काहीतरी बाहेर आलेलं. पुढे कळलं की त्या काळात तैवानमधून आलेल्या कितीतरी कपॅसिटरमधला द्रवच सदोष होता आणि जगभर असे बोर्ड गेले होते. बाबांच्या 25 वॉटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने ते सुटेनात. मदरबोर्डच्या आतला तांब्याचा थर सगळी उष्णता ओढून घेतो, कथील वितळायच्या आतच थंड होतं. 60 वॉटची आणली, पंपाने भोकं मोकळी केली, 105 डिग्रीवाले चांगले कपॅसिटर लावले. पंधरा-वीस रुपयांचा एक नग. नवा बोर्ड तीन-साडेतीन हजारांचा. त्या वर्षी आम्ही बोर्ड विकले असते तर दुकानाचं कर्ज एका वर्षात फिटलं असतं. पण क्लासवाले, झेरॉक्सवाले, मार्केट यार्डातले अडते आमच्याकडे आले ते तिथूनच, आणि बरेचसे आजही आहेत.

लोडशेडिंगची वर्षं वेगळीच. गावाकडे तासन् तास वीज नसायची, आणि यायची तेव्हा झटका देत यायची. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा आतला डबा, जळलेलं मशीन रोज एक तरी असायचं. त्या काळात मी कुठल्याही कोटेशनमध्ये यूपीएसची ओळ खोडू दिली नाही. "यूपीएस नको, तेवढ्यात रॅम वाढवून द्या" म्हणणाऱ्याला मी मशीनच दिलं नाही, असंही दोन-तीनदा झालं. आजही माझं मत तेच आहे. प्रोसेसर एक पायरी खाली घ्या, पण वीज स्वच्छ द्या आणि यूपीएसमधली 12 व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदला.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. सुरुवातीच्या काळात आम्हीही सगळ्यांसारखं विंडोजची कॉपी टाकून द्यायचो. गिऱ्हाइकाला ते फुकट वाटायचं आणि आम्हाला सोयीचं. 2012 मध्ये ते बंद केलं. निम्मी असेंबलिंगची कामं शेजारच्या दुकानांकडे गेली, घरात त्यावरून वाद झाले. पण 2019 मध्ये एका छोट्या कारखान्याचं मशीन आलं: सगळ्या फाइलींच्या नावापुढे अनोळखी शेपूट लागलेलं, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी एक चिठ्ठी. कोणीतरी डिझाइनचं सॉफ्टवेअर क्रॅक करून टाकलं होतं, त्यातूनच ते आत आलं. सात वर्षांची ड्रॉइंग गेली, बॅकअप नव्हता. मालक खुर्चीत बसून नुसते स्क्रीनकडे बघत होते. आपण जे बंद केलं ते बरोबर होतं, याची त्या दिवशी मला खात्री पटली. ज्यांना विंडोजचे पैसे खरंच परवडत नाहीत त्यांना आम्ही विंडोजऐवजी चालणारं फुकटचं लिनक्स मिंट आणि लिबर ऑफिस टाकून देतो. त्यात इन्स्क्रिप्ट कीबोर्डने मराठी उत्तम टाइप होतं. हिशेबाला टॅली लागत असेल तर मात्र विंडोजच घ्या, हेही लगेच सांगतो.

2019 चाच ऑगस्ट. सांगलीकराला वेगळं काही सांगायला नको. 2005 च्या पुराची खूण आमच्या भिंतीवर होतीच. कृष्णेचं पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही सगळा माल त्या खुणेच्या हातभर वरच्या फळीवर चढवला आणि निर्धास्त झालो. 45 फूट ही धोक्याची पातळी. आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्याही वर गेलं. आठवडाभराने शटर उघडलं तेव्हा फळीवरही चिखल होता. नव्या मालाचा विमा होता. पण दुरुस्तीला आलेली गिऱ्हाइकांची अकरा मशिनं त्याच फळीवर होती, त्यांचा कसला विमा? एकेकाला फोन करून सांगितलं. त्यात एका निवृत्त शिक्षिकेचं मशीन होतं. नवऱ्याचे गेल्या पंधरा वर्षांतले सगळे फोटो त्यात, आणि ते वर्षभरापूर्वीच गेलेले. त्या फोनवर एवढंच म्हणाल्या, "बघा काही होतंय का."

त्या महिन्यात आमच्या अकरांखेरीज गावातून शंभरावर मशिनं आली. बहुतेकांनी एक चूक केली होती, आणि ती चांगल्या मनानेच केली होती: घरी नेऊन उन्हात वाळवलं, हेअर ड्रायर मारला आणि "बघू चालू होतंय का" म्हणून बटण दाबलं. ओल्या हार्ड डिस्कला वीज दिली की खालचा सर्किट बोर्ड जळतो, आणि आतल्या तबकडीवर गाळ वाळला की माहिती वाचणारं हेड त्यावरून खरवडत जातं. डिस्क पाण्यात गेली असेल तर ती चालू करू नका, वाळवूही नका. ओलसरच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि जाणकाराकडे न्या. तांदळाच्या डब्यात तर मुळीच ठेवू नका. आम्ही बोर्ड सोडवून आधी डिस्टिल्ड वॉटरने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने दातांच्या मऊ ब्रशने धुतले. जिथे बोर्ड जळला होता तिथे त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड मिळवला आणि जुन्यावरची आठ पायांची बारीक रॉम चिप उचलून नव्यावर बसवली, कारण प्रत्येक डिस्कची स्वतःची माहिती त्या चिपमध्ये असते. नुसता बोर्ड बदलून डिस्क सहसा बोलत नाही. ते काम बाबांनी केलं. वय तेव्हा 74, पण भिंगाखाली हात हलत नव्हता. शिक्षिकाबाईंची डिस्क आत पाणी न गेलेल्यांपैकी निघाली. ती चालू होऊन पहिलं फोल्डर दिसलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, तरी आम्ही फोन केला. ज्यांत पाणी शिरलं होतं त्या डिस्क आम्ही उघडल्या नाहीत. ते धूळमुक्त खोलीतलं काम आहे, आमच्या टेबलावरचं नाही. तसं सांगून त्या मोठ्या शहरातल्या लॅबकडे धाडल्या. सगळ्या वाचल्या नाहीत.

त्या अकरा जणांना आम्ही मशीनच्या बदल्यात मशीन दिलं. ते फेडायला दोन वर्षं लागली.

मग लॉकडाउन. शाळा मोबाइलवर आली आणि दोन मुलांच्या घरात एक फोन. नवे लॅपटॉप बाजारात मिळेनात, वेबकॅमचे भाव तिप्पट. आम्ही माळ्यावरची जुनी मशिनं खाली काढली, दोनाचं एक केलं आणि मिळेल त्या मॉनिटरला जोडून दिलं. तेव्हा एसएसडीने, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कने, आम्हाला तारलं. लोक म्हणतात कॉम्प्युटर म्हातारा झाला, स्लो झाला. बहुतेक वेळा म्हातारी झालेली असते ती फिरणारी हार्ड डिस्क. लॅपटॉपमधली डिस्क मिनिटाला 5400 फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीला 11 मिलिसेकंद. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली इथून तिथून वाचते, आणि दर वेळी हेड जागेवर जाऊन तबकडी फिरून यायची वाट बघते. एसएसडीत फिरायलाच काही नाही. 2013-14 चा लॅपटॉप, 8 जीबी रॅम आणि 256 जीबीची एसएसडी: हिशेब, पत्रव्यवहार, इंटरनेट, मुलांचा अभ्यास यासाठी आजही पुरतो. चाळीस हजार खर्चायच्या तयारीने आलेला माणूस तीन-चार हजारांत परत जातो. माझी मुलगी विचारते, "आई, असं केलं तर विक्री कशी होणार?" विक्री कमीच होते. आमच्या उत्पन्नात आता विक्रीचा वाटा चौथाई आहे, बाकी दुरुस्ती आणि एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचे करार. ऑनलाइन सेलमध्ये कितीला मिळतंय ते मोबाइलवर दाखवणाऱ्याशी मी भावावरून घासाघीस करत नाही. तिथून घ्या म्हणते, फक्त कुठलं घ्यायचं ते विचारून घ्या.

आणि विचारलंत तर माझं मत एकच असतं: मागचं झाकण काढल्यावर आत काय बदलता येतं ते आधी बघा. पातळ, देखणे लॅपटॉप मलाही आवडतात. पण त्यांत रॅम बोर्डावरच डकवलेली असते, घेताना 8 जीबी घेतली की शेवटपर्यंत 8. कशात बॅटरी गोंदाने चिकटवलेली. ती फुगली की टचपॅड वर उचलला जातो, क्लिक होत नाही, आणि लोकांना वाटतं टचपॅड बिघडलाय. असं दिसलं की चार्जर लगेच काढा आणि दाबून खाली बसवू नका. ती आग लावू शकते. रॅमचा एक तरी रिकामा स्लॉट, स्क्रूने निघणारी बॅटरी आणि बदलता येणारी एसएसडी, एवढं असेल तर जाडी दोन मिलिमीटर जास्त असू दे.

सध्या टेबलावर गर्दी आहे ती विंडोज 10 वाल्यांची. 14 ऑक्टोबर 2025 ला त्याला मायक्रोसॉफ्टचा आधार, म्हणजे नेहमीची सुरक्षा अपडेट, मिळणं संपलं. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. सातव्या पिढीचं धडधाकट मशीन, ज्यात काडीचा दोष नाही, ते एका तारखेला कागदोपत्री निकामी झालं, याचा मला मनापासून राग येतो. ज्याचं यंत्र चालतंय त्याला ते फेकायला लावणं हे बरोबर नाही. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात, तेवढी आम्ही लावून देतो. ज्यांचं काम ब्राउझरमध्येच आहे त्यांना मिंट दाखवतो. दोन दिवस वापरून बघा, नाही पटलं तर परत जुनं करून देऊ. हळदीच्या विक्रीच्या हिशेबाच्या पट्ट्या आणि बँकेचे व्यवहार ज्या मशीनवर होतात तिथे मात्र मी नवं घ्या म्हणते. अट चुकवून 11 टाकून देणारे आहेत, पण दुसऱ्याच्या पैशाच्या मशीनवर मी ते करत नाही.

आज आम्ही चौघं आहोत. दोन मुलं माझ्याकडेच शिकलेली, मी आणि बाबा. बाबा अकरा ते एक येतात, मल्टिमीटर घेऊन एसएमपीएस तपासतात आणि जॉबकार्डावर पेन्सिलीने व्होल्टेज लिहून ठेवतात. पुरानंतर वरचा मजला भाड्याने घेतला. जुलै लागला की कोयना धरणातून किती पाणी सोडलं ते रोज सकाळी फळ्यावर लिहिलं जातं, आणि आयर्विनपाशी पाणी 30 फुटांवर गेलं की कोणी काही न सांगता मशिनं वर न्यायला सुरुवात होते. आधी दुरुस्तीला आलेली, जॉबकार्ड बांधून, नंबरवार. मग गिऱ्हाइकांच्या बॅकअपच्या डिस्क. मग बाबांची हत्यारं. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा हे सगळं वर होतं, आणि खोक्यातला आमचा नवा माल तेवढा शेवटच्या फेरीत गेला.