कुणासाठीही केले असते

कालपासून मिली फ्रान्सिस या क्रीक जमातीतल्या मूलनिवासी अमेरिकन मुलीचे एकच उत्तर डोक्यात घोळत आहे, आणि ते इतके का लागले हे लिहून काढल्याखेरीज झोप येणार नाही. तिने मरणातून वाचवलेल्या डंकन मॅक्रिमनने लग्नाची मागणी घातली तेव्हा ती म्हणाली, की तुझ्या जागी दुसरा कोणी असता तरी मी हेच केले असते. लग्नासाठी मी तुला वाचवले नव्हते.

तो अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या सरहद्दीवरचा, मिलिशियात म्हणजे नागरी सैन्यात भरती झालेला तरुण. १८१८ साली फ्लोरिडातल्या फोर्ट गॅड्सडेन या किल्ल्यावरून मासे धरायला गेला, वाट चुकला आणि पकडला गेला. वाकुला नदीकाठच्या ज्या वस्तीत त्याला नेले ती मिलीच्या वडिलांची, जोसाया फ्रान्सिस यांची. १८१३-१४च्या क्रीक युद्धात सारे गमावून ही माणसे अलाबामातून स्पॅनिश फ्लोरिडात, सेमिनोल जमातीच्या आश्रयाला आली होती, आणि अमेरिकन सेनापती जॅक्सनची फौज आता तिथेही येऊन धडकत होती. पकडणाऱ्यांपैकी एकाच्या दोन बहिणी युद्धात गेल्या होत्या. पंधराएक वर्षांची मिली त्याला विनवत राहिली, की याला मारून तुझ्या बहिणी परत येणार नाहीत. अखेर त्याने अट घातली, की कैद्याने डोके भादरून घ्यावे आणि आमच्यात राहावे. मॅक्रिमनने आनंदाने डोके पुढे केले. पुढे त्याला साडेसात गॅलन रमच्या मोबदल्यात सेंट मार्क्स किल्ल्यातल्या स्पॅनिशांना विकण्यात आले.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर बरे झाले असते. एप्रिलमध्ये सेंट मार्क्सपाशी एक अमेरिकन जहाज ब्रिटिश निशाण लावून उभे राहिले. लंडनला जाऊन आलेले आणि ब्रिटिशांच्या मदतीची वाट पाहत बसलेले फ्रान्सिस विश्वासाने होडीतून तिथे गेले, पकडले गेले, आणि जॅक्सनने त्यांना चौकशीशिवाय फाशी दिले. सुटका झालेला मॅक्रिमन त्या वेळी त्याच जहाजावर होता, असे सांगतात.

त्यानंतर तो मागणी घालायला गेला! त्याचा राग यायला हवा, पण मला कीव येते, कारण परवा शेजारच्या वहिनींनी मी आभार म्हणून दिलेली साडी परत केली. ‘अहो, शेजारी म्हणून कुणासाठीही केलं असतं,’ असे त्या हसून म्हणाल्या, आणि मी घरी येऊन तोंड फुगवून बसले. त्या रात्रींबद्दल आज लिहायचे नाही. पण ज्यांच्या खांद्यावर डोके ठेवून रडले, त्यांच्या लेखी मी ‘कुणीही’ असावे? सारे जग एकीकडे आणि मी एकटीच दुसरीकडे, असे काहीसे वाटत राहिले. या वयात हे शोभत नाही, हे लिहितानाच कळते आहे.

तरी मिलीचा तो प्रसंग पुन्हा वाचला तेव्हा वेगळेच दिसले. आधी ओळखदेख किंवा प्रेम असल्यावरच माणसाला वाचवायचे, असा तिचा हिशेब असता तर शत्रूचा एक अनोळखी शिपाई म्हणून मॅक्रिमन त्याच दिवशी संपला असता. तो ‘कुणीही’ होता, म्हणूनच जगला. मागणी घालण्याइतपत जगला, हे त्याचे नशीब!

आभारांचे वावडे मात्र मिलीलाही नसावे. पुढे तिच्या लोकांना पश्चिमेला हाकलले. आजच्या ओक्लाहोमातल्या मस्कोगीजवळ हालाखीत राहणारी ती विधवा १८४२ साली हिचकॉक या लष्करी अधिकाऱ्याला भेटली, आणि १८४४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने तिला वर्षाला ९६ डॉलरचे पेन्शन व एक पदक मंजूर केले. ते हाती पडण्याआधीच १८४८ मध्ये क्षयाने ती गेली. अखेरच्या दिवसांत सरकारी एजंटाने ही बातमी सांगितली तेव्हा ती इतकी खुलली, की आता ही बरी होणार असे त्याला क्षणभर वाटले. हे वाचून मला फार बरे वाटले.

साडी दुकानात परत करणार नाही. दिवाळीत दिली तर वहिनी नाही म्हणायच्या नाहीत, आणि म्हणाल्याच, तर तो रंग मलाही काही वाईट दिसत नाही.