हाताने आवळलेला बोल्ट

चार इंची, दीडशे क्लासचा (हा दाबाचा दर्जा) फ्लँज, म्हणजे दोन पाइप जोडायची भोकांची चकती. आठ स्टड (दोन्ही टोकांना नट लागणारे बोल्ट), पाच सुती. आठही नट दिसायला बसलेले. त्यातले चार पान्यानं आवळलेत आणि चार नुसते हातानं फिरवून ठेवलेत, हे दोन हातांवरून कुणालाही कळत नाही. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यातल्या टेस्ट बेंचवर असं काही राहिलं तर तेल गळतं, सुपरवायझर ओरडतो, खाली भुस्सा टाकला की विषय संपतो. समुद्रातल्या तेल-गॅसच्या प्लॅटफॉर्मवर मात्र त्याच फ्लँजमागे गॅस असतो आणि माणसांच्या झोपायच्या खोल्याही त्याच लोखंडी सांगाड्यावर असतात.

६ जुलै १९८८, उत्तर समुद्रातला पायपर अल्फा. दिवसपाळीनं एका कंडेन्सेट (गॅसमधून निघणारं द्रव इंधन) पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला. संध्याकाळपर्यंत तो परत बसला नाही, म्हणून उघड्या तोंडावर ब्लाइंड फ्लँज, म्हणजे भोक नसलेलं झाकण, लावून ठेवला, नट बहुधा नुसते हातानं फिरवून. ही जागा पंपापासून लांब आणि वरच्या अंगाला होती. पंपाशी उभं राहून काही दिसत नव्हतं. रात्री पावणेदहाच्या सुमाराला चालू असलेला दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीला पहिल्या पंपाच्या दुरुस्तीचं परमिट (कामाची लेखी परवानगी) माहीत होतं, व्हॉल्व्ह काढल्याचं परमिट वेगळं होतं, ते त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. पंप चालू केला, झाकणातून गॅस निघाला, दहाच्या आसपास स्फोट झाला. १६७ माणसं गेली. पाण्यात पाणबुडे काम करतात तेव्हा आग विझवायचे पंप त्यांना ओढून घेऊ नयेत म्हणून ते हाताने चालू करायच्या स्थितीत ठेवलेले होते, आणि स्फोटानंतर त्या पंपांपर्यंत कुणाला जाताच आलं नाही. १९९० च्या चौकशी अहवालात १०६ शिफारशी आहेत. आज परमिटसाठी जी कटकट सोसावी लागते, त्यातली बरीचशी या रात्रीतून आलेली आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं आयटीआय करून उद्यमबाग-मच्छेत दोन-चार वर्षं काढतात, मग कोणी चोर्ला घाट उतरून गोव्याच्या जहाज दुरुस्तीच्या यार्डात जातं, कोणी मुंबईहून समुद्रात, कोणी आखातात. फाउंड्रीच्या आणि हायड्रॉलिक्सच्या गावातली ही पोरं, त्यांच्या हाताला खोट काढता येत नाही. नडतं ते एवढंच:

"मामा, आवळलंय न्हवं?"

"होय की."

या "होय की"चे तीन अर्थ होतात. आवळलंय. आवळतोय. आवळणार आहे, आता चहा पिऊन येऊ दे. कारखान्यात विचारणारा आणि सांगणारा एकाच शेडमध्ये असतात, त्यामुळे तिन्ही अर्थ खपतात. बारा तासांच्या पाळीनंतर सांगणारा झोपायला गेला की खपत नाहीत.

आधी फ्लँजचंच बघू. स्टडच्या टोकावर बी-७ आणि नटावर २-एच हे जास्त ताकदीच्या पोलादाचे ठसे बघितल्याशिवाय काही लावायचं नाही. बाजारातला साध्या एमएसचा (मऊ पोलादाचा) स्टड दिसायला तसाच असतो, आटेही बसतात, ताण मात्र पेलत नाही. फ्लँजच्या तोंडावर जुन्या गॅस्केटचं (दोन तोंडांमधल्या चकतीचं) चिकटलेलं खरडून काढायचं, पण आडवा चरा पडू द्यायचा नाही. आतून बाहेर गेलेला एक चरा गळतीला पुरतो. काढलेलं गॅस्केट परत वापरायचं नाही, भले ते नवं दिसत असो. स्पायरल वाउंड गॅस्केटची गुंडाळी साधारण साडेचार मिलिमीटर जाड असते, ती दबून बाहेरच्या कड्याच्या जाडीजवळ, तीन-सव्वातीनवर येते. एकदा दबली की ती परत फुगत नाही.

आटे आणि नटाची बसायची बाजू, दोन्हीकडे ग्रीस. हे चैनीसाठी नाही. पान्याला दिलेल्या जोरातला ढोबळमानाने निम्मा जोर नटाखालच्या घर्षणात जातो, पाचातले दोन भाग आट्यांत जातात, आणि स्टड ताणायला राहतो दहावा हिस्सा. कोरड्या आट्यावर टॉर्क पाना (ठरलेला पिळाचा जोर आला की कळवणारा) "टक" म्हणतो, पण स्टड ताणलेलाच नसतो. कुठलं ग्रीस धरून टॉर्क काढलाय ते कागदावर लिहिलेलं असतं. ग्रीस बदललं तर आकडाही बदलतो.

आठ नटांना खडूने गोल क्रमाने आकडे घालायचे आणि १, ५, ३, ७, २, ६, ४, ८ असं समोरासमोर आवळायचं. पहिल्या फेरीत ठरलेल्या टॉर्कच्या तीस टक्के, दुसरीत साठ, तिसरीत शंभर. मग शेवटी गोल फिरत, एकाशेजारी एक, एकही नट हलेनासा होईपर्यंत. ही शेवटची फेरी लोक खातात. एक स्टड आवळला की गॅस्केट आणखी दबतं आणि शेजारचा सैल पडतो. तो सैलपणा फक्त या फेरीत निघतो. काम संपलं की खडूचे आकडे पुसायचे नाहीत. अर्ध्यात सोडावं लागलं तर टॅग लावायचा, "आवळलेला नाही" असं ठळक, आणि तसंच परमिटवर.

उघडताना उलटी काळजी. लाइन रिकामी आहे असं कागद सांगतो, पाइप सांगत नाही. वाऱ्याकडे पाठ करून, फ्लँजच्या रेषेतून बाजूला उभं राहायचं आणि आपल्यापासून लांबचा नट आधी सैल करायचा. काढायचा नाही, सैलच. आत काही उरलं असेल तर ते पलीकडे निघेल. मग जोड थोडा फाकवून बघायचं. लांबचा नट न गाठता जवळचे आधी काढणारा फिटर वेळ वाचवतो आणि गरम कंडेन्सेट छातीवर घेतो.

बंद व्हॉल्व्ह म्हणजे आयसोलेशन, म्हणजे लाइन खरोखर तोडणं, नव्हे. व्हॉल्व्ह आतून पाझरतो, सीटवर कचरा अडकतो. दोन व्हॉल्व्ह बंद आणि मधला ब्लीड (दाब बाहेर सोडायचा छोटा व्हॉल्व्ह) उघडा, नाहीतर सरळ स्पेड किंवा चष्मा ब्लाइंड, म्हणजे फ्लँजमध्ये घालायची बंद चकती. कुलूप प्रत्येकाचं स्वतःचं, किल्ली स्वतःच्या खिशात. सहा जण काम करत असतील तर हॅस्पवर (अनेक कुलुपं घेणाऱ्या कडीवर) सहा कुलुपं. "माझं पण तुझ्यातच धर" ही मैत्री इथे चालत नाही. कुलूप लावून झालं की चालू करायचं बटण दाबून बघायचं. मोटार फिरली तर चुकीच्या ब्रेकरला कुलूप लागलंय. हे बटण दाबायला दहा सेकंद लागतात आणि तरीही सगळ्यात जास्त हेच विसरलं जातं.

बेळगावच्या हायड्रॉलिक्सवाल्यांना ॲक्युम्युलेटर, म्हणजे दाबलेलं तेल साठवणारं भांडं, शिकवायला नको. पण बेंचवर तो डोळ्यांसमोर असतो, जहाजावर तो तीन मजले खाली पंपरूममध्ये. पंप बंद, वीज बंद, कुलूप लागलेलं, आणि नायट्रोजननं दाबलेलं तेल दोनशे बारवर वाट बघत बसलेलं असतं. गेज शून्यावर आणल्याशिवाय फिटिंगला पाना लावायचा नाही, आणि गेज स्वतः अडकलेलं नाही ना हेही ब्लीड उघडून बघायचं. होजला सुईएवढं भोक पडलं तर तेलाची धार दिसत नाही, नुसता धूर वाटतो. तिथे हात फिरवून बघणं ही आपल्याकडची फार जुनी खोड आहे. पुठ्ठा फिरवावा. एवढ्या दाबाचं तेल कातडीतून आत जातं. वरून टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, फारसं दुखतही नाही, आणि काही तासांत आतलं मांस मरायला लागतं. असा ठिपका दिसला तर "बघू उद्या" म्हणायचं नाही. ऑपरेशनची केस समजून त्याच वेळी मेडिककडे, आणि कुठलं तेल होतं तेही सांगायचं.

टाकीत उतरण्याचं भय आपल्या भागाला नवं नाही. साखर कारखान्याच्या मळीच्या टाक्या आहेत, गोबरगॅसच्या आहेत, जुन्या विहिरी आहेत. जहाजाच्या बॅलास्ट टाकीत (तोल राखायला पाणी भरायच्या टाकीत) यातलं काहीच नसतं, नुसतं लोखंड आणि गंज. पण गंजच ऑक्सिजन खातो. महिनोन्महिने बंद टाकीत हवा असते, ऑक्सिजन नसतो. मीटर आधी ऑक्सिजनवर बघायचा: २०.९ यायला हवं, १९.५ च्या खाली किंवा २३.५ च्या वर असेल तर कुणी आत जायचं नाही. मग पेटणारा गॅस, मग विषारी. हा क्रम उगाच नाही. बऱ्याच मीटरचा पेटत्या गॅसचा सेन्सर ऑक्सिजनशिवाय नीट आकडाच देत नाही. वर, मध्ये, तळाशी अशा तीन ठिकाणी नळी सोडून मोजायचं, कारण मिथेन वर साचतो आणि हायड्रोजन सल्फाइड खाली बसतो. त्याचा सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण शंभर पीपीएमच्या आसपास नाकच मरतं. वास थांबला म्हणजे गॅस गेला असं समजणारा तिथेच पडतो. दारावरच्या माणसानं आत पडलेल्याकडे धावायचं नसतं. त्याचं काम ओरडण्याचं, अलार्मचं, दोरी ओढण्याचं. मागोमाग उतरला तर दोन बाहेर काढावे लागतात.

उचलण्याच्या कामात मात्र बेळगावकरांना चांगली शाळा मिळालेली आहे. विसर्जनाच्या रात्री कपिलेश्वर तलावावर क्रेन मूर्ती उचलते तेव्हा आजूबाजूला किती जण हात करत असतात ते आठवा. "वर, वर", "साकु, साकु" (पुरे, पुरे), "अरे डावीकडं घे". डेकवर याच्या बरोबर उलटं. खूण करणारा एकच, जाकीट वेगळ्या रंगाचं, आणि क्रेनवाला फक्त त्याच्याकडे बघणार. अपवाद एकाच खुणेचा: थांब. ती हेल्परनं केली, स्वयंपाक्यानं केली, तरी क्रेन थांबते आणि नंतर कुणी "कशाला थांबवलंस" म्हणून अंगावर येत नाही. येत असेल तर ती जागा वाईट आहे.

भाषेचंही तसंच. मराठी, कन्नड, कोंकणी, हिंदी येणारा सीमाभागातला माणूस मिश्र टोळीत सोन्यासारखा. पण रेडिओवर मराठी येणारा एकच असेल तर मराठी बंद. ऐकलेला हुकूम परत म्हणून दाखवायचा: "दोन मीटर खाली." "दोन मीटर खाली, घेतो." नुसतं "ओके" हे उत्तर धरायचं नाही, ते "होय की"चंच भावंड.

स्लिंगचा कोन लोक अंदाजाने घेतात आणि तिथे फसतात. दोन टनांचा पंप, दोन पायांची स्लिंग. पाय सरळ उभे असतील तर प्रत्येकावर एक टन. आडव्या रेषेशी साठ अंशात १.१५ टन, पंचेचाळीसला १.४१, आणि तीस अंशाला पुरे दोन टन प्रत्येक पायावर. वजन तेवढंच, स्लिंग आखूड एवढंच झालं. शॅकल (भार अडकवायची कडी) आडवा ओढला तर त्याची ताकद निम्म्यावर येते. तारेच्या दोराला क्लॅम्प लावताना यू-बोल्ट नेहमी मोकळ्या टोकावर आणि खोगीर कामाच्या दोरावर. उलटं लावलं तर यू-बोल्ट भार पेलणारी तारच चेपतो. नवा क्लॅम्प पहिला भार घेतल्यावर परत आवळायचा, दोर दबून बारीक होतो.

उंचीवर पाना दोरीनं मनगटाला किंवा पट्ट्याला बांधलेला हवा. एक किलोचा पाना वीस मीटरवरून खाली येईपर्यंत ताशी सत्तर किलोमीटरवर असतो. हेल्मेट त्यासाठी बनलेलं नाही.

पाण्याबद्दल थोडंच. मलप्रभेत किंवा विहिरीत पोहता येतं ही चांगली गोष्ट, पण बूट, कव्हरॉल आणि लाटा यांत ते फारसं उपयोगी पडत नाही. लाइफ जॅकेट नीट बांधता येणं जास्त उपयोगी, पायांमधल्या पट्ट्यासकट. हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर ते बहुधा उलटतं. एक हात खिडकीच्या कडेला, दुसरा बक्कलवर, सगळं हलायचं थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही. आधी सोडला तर कुठे वर, कुठे खाली हे कळत नाही. जॅकेट आत फुगवायचं नाही, फुगलेला माणूस छताला अडकतो. प्रशिक्षणाच्या तलावात हे चार-पाच वेळा करून घेतात, तिथे नाकात पाणी जातं म्हणून हसून सोडून देऊ नये. सात छोटे भोंगे आणि एक लांब: हातातलं ठेवून मस्टरच्या, म्हणजे सगळ्यांनी जमायच्या, जागी.

२७ जुलै २००५ ला मुंबई हायवर हेच सगळं बोटांच्या जखमेपासून सुरू झालं. जहाजावरच्या स्वयंपाक्याची बोटं कापली, त्याला प्लॅटफॉर्मवर उतरवायचं होतं. पावसाळी समुद्र, आडोशाच्या बाजूची क्रेन बंद, म्हणून जहाज वाऱ्याच्या बाजूनं आलं आणि राइझरला, म्हणजे समुद्रतळाहून वर येणाऱ्या गॅसच्या पाइपला, धडकलं. गॅस पेटला, दोनेक तासांत प्लॅटफॉर्म गेला. ३८४ पैकी २२ जण परतले नाहीत. बंद क्रेन हेसुद्धा कुणाचं तरी अर्ध्यात राहिलेलं काम असतं.

पाळी बदलतानाची नोंद हा या सगळ्याचा शेवटचा नट. बऱ्याच वह्यांत असं सापडतं: "पंप बीचं काम चालू आहे. बाकी ओके." याच्यावरून पुढच्या माणसाला काहीही कळत नाही. त्याच कामाची उपयोगी नोंद अशी असते:

"पंप बी, डिस्चार्ज फ्लँज. गॅस्केट नवं बसवलं. आठपैकी आठ नट हाताने, टॉर्क एकालाही नाही. टॅग लावलाय. सक्शन आणि डिस्चार्जला दोन-दोन व्हॉल्व्ह बंद, मधले ब्लीड उघडे, ब्रेकरवर तीन कुलुपं, दोन आमची, एक इलेक्ट्रिशियनची. परमिट कंट्रोल रूममध्ये, उघडंच आहे. पंप चालू करायचा नाही."

आणि मग दोघांनी मिळून पंपापर्यंत चालत जायचं. नवीन आलेल्यानं टॅग स्वतः वाचायचा आणि एक नट हाताने फिरतो का ते बघायचं.