सावली की अडकलेली धामण?

गरुडाच्या घरट्यावर नजर ठेवताना भरायच्या आमच्या नोंदपत्रकात ‘भक्ष्य देणे’ आणि ‘सावली धरणे’ असे दोन वेगळे रकाने आहेत. एका वेळी एकाच रकान्यात खूण करायची. एप्रिलमधल्या त्या सकाळी १०.५२ ते ११.१५ या वेळेसाठी खूण कुठे करायला हवी होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

घरटं सापमार गरुडाचं, उत्तर सोलापूर तालुक्यातल्या माळावरच्या एका बाभळीवर. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. (उजनी धरणावर हिवाळ्यात ऑस्प्रे हा मासे खाणारा शिकारी पक्षी दिसतो म्हणून ‘त्याचं घरटं दाखवा’ असे फोन दरवर्षी येतात. तो उन्हाळ्याच्या तोंडावर उत्तरेला जातो आणि घरटं तिकडेच करतो. पाण्यावर दिसला म्हणजे इथेच नांदतो असं नाही, हे सांगून तोंड दुखतं.)

सापमार एकच अंडं घालतो. दीड महिना उबवणं, पुढे पिल्लू उडेपर्यंत दोन-अडीच महिने. आमच्याकडे यातला नाजूक काळ नेमका एप्रिलच्या उन्हात येतो. घरटं झाडाच्या अगदी शेंड्यावर, एवढ्या मोठ्या पक्ष्याच्या मानाने लहान आणि पसरट, आत हिरव्या डहाळ्या. शेंड्यावर असल्यामुळे उतरायला-उडायला मोकळं, पण सावलीचा पत्ता नाही. म्हणून नऊ वाजल्यापासून मादी सूर्याकडे पाठ करून, पंख सैल सोडून छत्रीसारखी उभी राहते आणि ऊन सरकेल तशी पावलापावलाने सरकते. शिकार बहुतेक नराकडे. तो क्वचितच मिनिटभराच्या वर घरट्यावर थांबतो.

साप देण्याची पद्धत बघण्यासारखी असते. नर साप डोक्याकडून गिळतो आणि शेपूट तेवढं चोचीबाहेर लोंबत ठेवून येतो. घरट्यावर मान खाली घालतो. मादी किंवा महिन्याभराचं झालेलं पिल्लू ते शेपूट चोचीत पकडून मागे मागे सरकत अख्खा साप त्याच्या घशातून ओढून काढतं. आम्ही बाहेर लोंबणारं शेपूट किती ते लिहून ठेवतो. साप ओळखायला अनेकदा तेवढाच धागा असतो, आणि ओढायला पुरेसं आहे की नाही तेही कळतं.

लपण, म्हणजे आमची लपून बसायची जागा, झाडापासून दोनशे मीटरवर. उजाडायच्या आत शिरायचं, मधे बाहेर पडायचं नाही. दहानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरायला लागते. तेव्हा स्कोप (तिवईवरची दुर्बीण) साठपटीवर नेला तर नुसतं पाणी हलताना दिसतं. पंचवीसवर ठेवायचा आणि तिवई शक्य तेवढी उंच करायची, कारण थरथर जमिनीलगत सर्वांत जास्त. नर-मादी दिसायला सारखेच. या जोडीतल्या नराच्या डाव्या पंखातलं एक पीस अर्धं तुटलेलं होतं, म्हणून ओळख पक्की.

त्या दिवशी १०.१० ला एक मोटारसायकल थेट बाभळीखाली. दोघं पोरं, गळ्यात कॅमेरा. कुणीतरी फोटोबरोबर जागाही टाकली होती. १९७२च्या वन्यजीव कायद्यात घरट्याला त्रास देणं शिकारीच्या व्याख्येतच येतं, पण फोटोला लाइक मोजणाऱ्यांना ते कोण सांगणार? मादी उठली. पिल्लू अंग चपटं करून चोच वासून पडलं. १०.२० ला नर वर घिरट्या घालताना दिसला, चोचीबाहेर वीतभर शेपूट. आमचे मामा, वनमजूर, ओरडत गेले तेव्हा पोरं हलली. तोवर १०.३५. मादी तरीही उतरेना.

१०.५२ ला नर उतरला. शेपूट आता जेमतेम दोन बोटं. पिल्लाने धरलं, निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. नर मान ताणून उबळ काढल्यासारखं करत होता, पंख अर्धे उघडलेले, पाठ सूर्याकडे, आणि पिल्लू पूर्ण त्याच्या सावलीत. ११.११ ला साप बाहेर आला. धामण, गरुडाची लांबी पासष्ट सेंमी धरली तर मीटरभर. पिल्लू ती गिळत असताना नर आणखी चार मिनिटं तसाच उभा. मग मादी आली आणि तो लगेच गेला.

लपणात बसलेला स्वयंसेवक भारावून म्हणाला, “बाप सावली धरतोय!” मामा म्हणाले, “सावली-बिवली काय न्हाय साहेब, गिळल्यालं अडकलंय त्येचं.”

मामांचं बरोबर वाटतं. पोरं खाली होती तोवर नर हवेत तो साप आत ढकलत राहिला असणार, म्हणून ओढायला शेपूट उरलं नाही. पाठ सूर्याकडे होती, पण वारा पश्चिमेचा होता, आणि शेंड्यावर उतरणारा पक्षी वाऱ्याकडेच तोंड करतो. सकाळच्या वेळी वाऱ्याकडे तोंड म्हणजे सूर्याकडे पाठ, आपोआप. अर्धे पंख तोल सावरायला.

पण शेवटच्या चार मिनिटांचं काय? घसा मोकळा झाल्यावर तो थांबला कशाला? तोही तापलेला होता, चोच उघडी होती; गरमीने पक्षी पंख सोडतातच. तरी गरमीच होती तर उडून वरच्या थंड हवेत जाणं त्याला सोपं होतं. या चार मिनिटांत एकदा जरी तो उन्हाबरोबर सरकला असता तर मी डोळे मिटून ‘सावली’ लिहिलं असतं. पण चार मिनिटांत ऊन सरकतं ते किती!

मी दोन्ही रकाने मोकळे ठेवून शेऱ्यात सगळं लिहिलं. पत्रक परत आलं: ‘एक पर्याय निवडा.’ पुन्हा तसंच पाठवलं. वर्षाअखेरीच्या तक्त्यात ‘नराने सावली धरणे : १’ असं छापून आलंय. शेरा कुणी वाचलेला नाही. पुढच्या हंगामासाठी पत्रकात वाऱ्याची दिशा आणि उतरतानाची शेपटाची लांबी असे दोन रकाने वाढवून मागितले आहेत; उत्तर यायचंय.