रिकॉलचा मेसेज नाशिकला गेला

माझी इलेक्ट्रिक बाइक सेकंडहँड. नाशिकच्या एका काकांकडून घेतली, आरटीओत नावावर करून घेतली आणि सुटलो म्हटलं. पण कंपनीच्या दप्तरी मालक अजून काकाच. त्यामुळे रिकॉलचा, म्हणजे सदोष भाग फुकट बदलून द्यायला कंपनीने गाडी परत बोलावल्याचा, मेसेज गेला त्यांना. विकलेल्या गाडीचा मेसेज कोण वाचतो!

मला कळलं ते चहाच्या टपरीवर. तसलीच बाइक असलेल्या एकाने सहज विचारलं, "हार्नेसचं काम झालं का तुमचं?" हार्नेस म्हणजे गाडीतल्या वायरींचा जुडगा. घरी येऊन टॉर्च मारून चेसिस नंबर वाचला, कंपनीच्या साइटवर टाकला. काम बाकी.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर उत्तर मिळालं, "सर, वॉरंटी संपलीय, लेबर पडेल." रिकॉलचा आणि वॉरंटीचा काय संबंध? मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने रिकॉलचं कलम आलं, 1 एप्रिल 2021 पासून नियम लागू झाले, सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. सगळं पाठ करून गेलो होतो. तेवढ्यात मॅनेजरने स्क्रीन पाहिली आणि मुकाट्याने जॉब कार्डवर शून्य टाकलं. भाषण पोटातच राहिलं.

मेकॅनिक मात्र हुशार पोरगा. बॅटरीचा एमसीबी पाडला, रबरी हातमोजे घातले आणि नुसताच बसून राहिला. म्हटलं, आता कशाची वाट? "कंट्रोलरच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो ना सर." मल्टीमीटरवरचा आकडा हळूहळू उतरला, मगच त्याने कनेक्टर सोडवला.

वायरींचा जुडगा बाहेर काढून त्याने माझ्यापुढे धरला. हँडलच्या मानेपाशी वरचं आवरण झिजलेलं आणि तांदळाच्या दाण्याएवढं तांबं चमकत होतं. हँडल पूर्ण डावीकडे वळलं की नेमकं तिथेच फ्रेमला घासायचं. पार्किंगमध्ये गाडी फिरवताना डिस्प्ले मधूनच विझायचा. मी खुशाल पावसावर ढकलत होतो. थ्रॉटलची वायरही त्याच जुडग्यात. सिंहगड रस्त्यावर मागे टँकर असताना ती तुटली असती तर?

नव्या हार्नेसला जाड नळी आहे, क्लॅम्पही बाहेरच्या बाजूला घेतलाय. पाऊण तासात गाडी हातात.

निघताना म्हटलं, आता माझा नंबर तरी घाला. तर त्यासाठी जुन्या मालकाचा ओटीपी लागतो. काकांना फोन लावला.

"ओटीपी? तो कुणाला सांगायचा नसतो," काका म्हणाले आणि फोन ठेवला.