सातबाराचा सात डिसेंबर होऊ नये म्हणून

एक्सेलच्या कोऱ्या शीटमध्ये ७/१२ टाइप करून एंटर दाबा. विंडोजची रीजन सेटिंग भारताची असेल तर ७ डिसेंबर दिसेल, अमेरिकेची असेल तर १२ जुलै. गट नंबर १२/३ चा १२ मार्च होतो. एक एकर वीस गुंठ्यांसाठी १-२० लिहिलं की जानेवारी २०२० उमटतं, कारण विसावा महिना नाही म्हणून एक्सेल २० ला वर्ष धरतं. त्याच्याच खालचं २-१० मात्र २ ऑक्टोबर होतं. एकाच रकान्यात दोन तऱ्हेची मोडतोड!

हे नुसतं दिसणं बदललेलं नसतं, मूळ मजकूरच गेलेला असतो. एक्सेल तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासूनचा दिवसांचा आकडा साठवतं. २०२५ साली टाइप केलेल्या ७/१२ ला नंतर टेक्स्ट फॉरमॅट लावला, तर ४५९९८ दिसतं. म्हणून रकाना आधी निवडायचा, कंट्रोल आणि १ दाबून नंबर टॅबमध्ये टेक्स्ट करायचा, मगच लिहायला घ्यायचं. एखाद-दुसरी नोंद असेल तर आधी एकेरी अवतरण चिन्ह टाकलं तरी पुरतं. ते सेलमध्ये दिसत नाही. दुसऱ्या शीटमधून पेस्ट करताना मात्र तिकडचा फॉरमॅट सोबत येतो आणि तुमचा टेक्स्ट पुसला जातो, तेव्हा पेस्ट स्पेशलमधून फक्त व्हॅल्यूज घ्या. आणि क्षेत्रासाठी तर एकर आणि गुंठे असे दोन वेगळे रकानेच करावेत. १.२० आणि १.२५ अशी दशांशात बेरीज केली तर २.४५ येतं, खरं उत्तर ३ एकर ५ गुंठे आहे.

करवीर, कागल, शिरोळकडच्या खत दुकानांच्या स्टॉकशीटमध्ये याहून फसवा प्रकार असतो. १०:२६:२६ हे खताचं नाव लिहिलं की एक्सेल ती वेळ समजतं, दहा वाजून २६ मिनिटं २६ सेकंद, आणि आत ०.४३५ च्या आसपासचा अपूर्णांक ठेवतं. सेलमध्ये मात्र १०:२६:२६ असंच दिसत राहतं, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. दुसऱ्या शीटमध्ये तेच नाव टेक्स्ट म्हणून असेल तर ते शोधणारा व्हीलुकअप फॉर्म्युला #N/A दाखवतो आणि माणूस फॉर्म्युल्यात चूक शोधत बसतो. १८:४६:० चं १८:४६:०० झालेलं दिसलं तर समजा, वेळ झाली आहे. शंका आली की सेलचा फॉरमॅट जनरल करून पाहा, अपूर्णांक दिसला तर ती वेळ आहे.

मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये २०२३ पासून फाइल, ऑप्शन्स, डेटा इथे ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जन हा भाग आहे. सुरुवातीची शून्यं काढणं, लांब आकड्याचे पहिले १५ अंक ठेवणं, मध्ये ई असलेल्या कोडचा घातांक करणं, सलग अक्षर-अंकांची तारीख करणं, या चारही खुणा काढून टाका. पण इथेच बहुतेकांची समजूत चुकते. तारखेची खूण फक्त सलग लिहिलेल्या अक्षर-अंकांसाठी आहे. मध्ये तिरपी रेघ किंवा आडवी रेघ असलेलं ७/१२ ती वाचवत नाही. त्याला टेक्स्ट रकाना किंवा आधीचं अवतरण चिन्ह, याशिवाय इलाज नाही.

खाते क्रमांक आणि आधार यांतला फरकही ओळखायला हवा. आधारचे १२ अंक १.२३४५७ई+११ अशा रूपात दिसले तरी आत पूर्ण शाबूत असतात, फॉरमॅट नंबर करून दशांश शून्य ठेवले की परत दिसतात. पण तशाच अवस्थेत फाइल सीएसव्हीमध्ये, म्हणजे नुसता मजकूर ठेवणाऱ्या साध्या फाइलमध्ये सेव्ह केली, तर जे दिसतंय तेच लिहिलं जातं आणि आधार कायमचा जातो. १६ किंवा जास्त अंकांच्या खाते क्रमांकाला तर तेवढीही सवलत नाही. पंधराव्यानंतरचे अंक एंटर दाबताक्षणी शून्य होतात. टेक्स्ट करून ठेवलेत तरी काउंटइफ या मोजणीच्या फॉर्म्युल्याने दुबार खाती शोधू नका. ते टेक्स्टलाही आकडा समजून १५ अंकांपर्यंतच जुळवतं, आणि शेवटचा अंक वेगळा असलेली दोन खाती एकच ठरवतं.

ऊसबिलाची किंवा दूधबिलाची सीएसव्ही फाइल डबल-क्लिकने उघडायची नाही. उघडतानाच खात्याची पुढची शून्यं जातात आणि वर सेव्ह केलं की मूळ फाइलही बिघडते. कोरी शीट उघडा, डेटा टॅबमधून फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही घ्या आणि डेटा टाइप डिटेक्शनमध्ये ओळखू नका हा पर्याय निवडा. गुगल शीट्समध्ये इम्पोर्ट करताना टेक्स्टचे आकडे-तारखा करण्याची खूण काढायची.

तारखांच्या बाबतीत एक्सेलसारखंच असलेलं लिब्रेऑफिस कॅल्क खरंच सरस आहे. टूल्स, ऑप्शन्समधल्या भाषेच्या सेटिंग्जमध्ये कोणत्या साच्याला तारीख मानायचं त्याची यादी असते. त्यातला फक्त दिवस-महिन्याचा साचा पुसा, पूर्ण तारखेचा ठेवा. मग ७/१२ ची तारीख होत नाही, कोणत्याही शीटमध्ये.

एक्सेलमध्ये ईमेल पत्त्याची निळी लिंक नको असेल तर फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स, ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप इथली इंटरनेटची खूण काढा. नवीन ओळीला वरचा रंग आपोआप लागतो, तो अ‍ॅडव्हान्स्डमधल्या एक्स्टेंड डेटा रेंज या खुणेमुळे. वरच्या पाचपैकी तीन ओळी तशा असल्या की ती लागू होते.

टेक्स्ट रकान्याच्या उजवीकडे नवा रकाना घातला की तोही टेक्स्ट होतो आणि त्यात लिहिलेला फॉर्म्युला उत्तर न देता जसाच्या तसा दिसतो. त्याला जनरल करून एफ२ आणि एंटर दाबा. सेलच्या कोपऱ्यातला हिरवा त्रिकोण मात्र तसाच असू द्या, खाते क्रमांकावर त्यातलं कन्व्हर्ट टू नंबर कधीही दाबू नका.