बोपदेव घाटातली लाल रेघ

गेली एकोणीस वर्षं मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. दख्खनचं पठार भेगी ज्वालामुखीतून वाहिलेल्या लाव्हाच्या थरांनी बनलं, हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, मोजदाद नाही. गेल्या वर्षी जूनमध्ये एका मुलीने विचारलं, "बाई, हे थर कुठे बघायला मिळतील?" मी वेरूळ-अजिंठ्याचं नाव घेतलं. ती म्हणाली, "नाही, इथे, पुण्यात." मला उत्तर देता आलं नाही, आणि ते मनाला लागलं.

घर बावधनला, शाळा कोथरूडला. चांदणी चौकातून रोज दोनदा जाते. २ ऑक्टोबर २०२२ ला तिथला जुना पूल पाडला, पुढच्या ऑगस्टमध्ये नवा सुरू झाला. या कामात रस्त्यालगतचा कातळ कापला गेलेला मी डोळ्यांनी पाहिला होता. तेव्हा सुरुवात तिथूनच केली. रविवारी पहाटे, गाड्या कमी असताना, सेवा रस्त्याच्या कडेला उभी राहिले. समोर नुसती करडी-काळी भिंत. थर म्हणावा असा एकही नाही. फक्त उभ्या, समांतर रेषा होत्या. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला लाव्हा थंड होताना पडलेले खांब आहेत, तसंच काहीतरी असणार असं वाटून मी फोटो काढले. जवळ गेल्यावर कळलं, त्या अर्धगोल गुळगुळीत पन्हळी आहेत, सगळ्या एकाच मापाच्या. सुरुंगासाठी मारलेल्या भोकांचे ते उरलेले अर्धे भाग होते.

सासवडकडे माझा मोठा भाऊ विहिरी खोदायची कामं घेतो. त्याला फोटो पाठवले. दादा म्हणाला, "अगं, ताज्या कापात तुला काय दिसणार? चार पावसाळे खाल्लेला कातळ बघ. पाऊस कच्चं-पक्कं वेगळं करतो." हे एक वाक्य मला सगळ्यात उपयोगी पडलं. त्याच्याच सांगण्यावरून मी कोंढवा-येवलेवाडीच्या पुढचा बोपदेव घाट धरला.

जुलै ते ऑक्टोबर, जमेल त्या रविवारी गेले. सामान थोडंच: मीटर टेप, दहापट दाखवणारं भिंग, चौकटीची वही आणि दर फुटाला रंगाचा पट्टा मारलेला बांबू. कातळाला बांबू टेकवून फोटो काढला की घरी उंची मोजता येते. पावसात कातळाच्या अगदी पायथ्याशी जायचं नाही, वळणावर थांबायचं नाही, आणि सोबत कुणीतरी हवंच, एवढे नियम दादाने घालून दिले होते आणि मी ते पाळले.

पहिले दोन रविवार मी वरून खाली बघत होते आणि गोंधळत होते. कातळात एके ठिकाणी मोठे गोल दगड होते, कांद्याच्या पाकळ्यांसारखे सुटत जाणारे. ज्वालामुखीतून उडालेले गोळे म्हणून मी ते वहीत नोंदवले. एका निवृत्त भूशास्त्राच्या प्राध्यापिकांना वही दाखवली, तेव्हा त्यांनी शांतपणे ती नोंद खोडली. पाणी भेगांतून शिरतं, चौकोनी ठोकळ्याचे कोपरे आधी कुजतात, आणि ठोकळा गोल होत जातो. सुटणाऱ्या त्या पाकळ्यांचाच पुढे मुरूम होतो. "लाव्हा खालून वर साचला, तुम्हीही खालून वर वाचा," असं त्या म्हणाल्या.

मग वाचता येऊ लागलं. सर्वात खाली घट्ट, काळा कातळ, हातोडीला खणखणीत वाजणारा. त्यावर हळूहळू बारीक भोकं सुरू होतात, वर जावं तशी दाट होत जातात. वितळलेल्या लाव्हातले वायूचे बुडबुडे वर चढले आणि थिजणाऱ्या सायीखाली अडकले, त्यांची ही भोकं. पुढे त्यांत खनिजयुक्त पाणी झिरपलं आणि पांढरे स्फटिक धरले. दादाची माणसं अशा ठिपक्याठिपक्यांच्या खडकाला मांजऱ्या म्हणतात, आणि भिंगातून बघेपर्यंत मला या नावाचं मोल कळलं नव्हतं. वाटाण्याएवढ्या एका पोकळीत पांढऱ्या सुया एका बिंदूतून पंख्यासारख्या पसरल्या होत्या, आणि पोकळीच्या कडेला हिरवट अस्तर होतं. पांढरं दिसलं की आपण सरसकट गारगोटी म्हणतो. खाली पडलेल्या एका तुकड्यावर चाकूचं टोक ओढलं तर ओरखडा पडला. गारगोटीवर तो पडत नाही. हे जिओलाइट नावाचं खनिज.

आणि या मांजऱ्याच्या वर ती रेघ. विटकरी लाल, माझ्या वितीपेक्षा थोडी जाड, कातळभर आडवी गेलेली. येता-जाता कुणीतरी लाल माती ओतली असेल असं मला आधी वाटलं होतं. दादा तिला गेरू म्हणतो. एक लाव्हा वाहून थिजला, त्याचा माथा ऊनपावसात उघडा पडून कुजला, त्याची माती झाली. मग पुढचा लाव्हा, हजार-अकराशे अंशांचा, त्या मातीवरून वाहिला आणि तिला भट्टीतल्या विटेसारखं भाजून गेला. म्हणूनच रेघेचा वरचा काठ खालच्यापेक्षा लाल आहे. तिच्या लगेच वर, नव्या थराच्या बुडाशी, करंगळीएवढ्या उभ्या नळ्या सापडल्या: तळातून वर निघालेल्या वायूच्या वाटा. तिथे एक थर संपतो आणि दुसरा सुरू होतो, हे मी पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. खालचे-वरचे ते उंच कातळ थंड व्हायला जेवढा काळ लागला असेल, त्याहून कितीतरी जास्त काळ त्या वितभर लाल रेघेत आहे.

ही सगळी घडामोड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची. आज हे थर जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर उरलेत. शेजारच्या दिवे घाटाचं नाव तर भूवैज्ञानिकांनी इथल्या थरांच्या एका गटालाच दिलं आहे. वारीत माउलींची पालखी चढते तोच घाट.

सप्टेंबरमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात आली. लाल रेघेच्या नेमकं वर शेवाळ आणि नेच्यांची हिरवी ओळ होती, तिच्यातून पाणी ठिबकत होतं. वरच्या थराच्या भेगांतून उतरलेलं पाणी चिकण गेरूवर अडतं आणि आडवं चालू लागतं. दादाला फोन केला. तो म्हणाला, "विहिरीत गेरू लागला की आम्ही आधी त्याच्या वरचे झरे बघतो. तू ते आज बघितलंस." टेकडी फोडून इमारत उभी करताना हीच रेघ कापली जाते आणि खालच्या अंगाचा झरा आटतो. पुण्याच्या टेकड्यांवर बांधकामाला परवानगी देताना ही रेघ कुणी नकाशावर काढून बघावी, असं मला फार मनापासून वाटतं.

ऑक्टोबरअखेर घाटातल्या थरांचा माझा आलेख पूर्ण झाला. दोन फूट लांब पट्टी, खालून वर, लाल पेन्सिलीने एकच रेघ. तो वर्गात लावला. ज्या मुलीने विचारलं होतं, ती आता दहावीत आहे. आई-वडिलांबरोबर ती घाटात जाऊन आली आणि मी रेघेची जाडी एका ठिकाणी चुकीची लिहिली आहे, हे तिने मोजून दाखवलं. तिथे ती वितीची चार बोटं झाली होती.

आता आमच्या सोसायटीच्या मागे एका प्लॉटसाठी टेकडी कापली आहे. यंदाच्या पावसानंतर त्या करड्या भिंतीत कमरेच्या उंचीवर एक तांबूस पट्टा उमटलाय. अर्ध्या भागावर सिमेंटचा थर बसला आहे. मालकांनी रविवारी सकाळी आत यायची परवानगी दिली आहे. बांबू आणि वही दाराशी काढून ठेवली आहे.