संगीन घेताना मुठीलगतचे दोन इंच आधी बघा

जुनी संगीन हातात आली की नजर टोकाकडे जाते. पण खरं-खोटं कळतं ते मुठीलगतच्या सपाट भागात, कारण ठसे तिथेच असतात.

ब्रिटिश 1907 पॅटर्नच्या, म्हणजे 1907 च्या नमुन्याच्या संगिनीचंच उदाहरण घेऊ. एका बाजूला मुकुट, राजाची आद्याक्षरं, 1907 ही संख्या, मग महिना-वर्ष आणि कारखान्याचं नाव. इथे 1907 हे पॅटर्नचं साल. बनवल्याची तारीख त्याखाली, '5 17' अशी. दुसऱ्या बाजूला सरकारी बाण, तपासनिसांचे छोटे मुकुट आणि पातं वाकवून तपासल्याची फुली.

आता या खुणा एकमेकींशी जुळवा. सातवा एडवर्ड 1910 मध्ये वारला, त्यामुळे त्याच्या 'ई. आर.' (एडवर्ड रेक्स, म्हणजे राजा एडवर्ड) या अक्षरांखाली 1915 ची तारीख दिसली तर वस्तू खाली ठेवा. क्रॉसगार्डचा, म्हणजे मूठ आणि पातं यांच्यामधल्या आडव्या पट्टीचा, वळवलेला आकडा (हूक) 1913 मध्ये बंद झाला, म्हणजे 1916 ची आकडेवाली संगीन बनावट. मुठीच्या टोकाचं भोक 1916 मध्ये आलं. जुन्या संगिनींना ते दुरुस्तीच्या वेळी पाडलं जाई, म्हणून 1911 च्या संगिनीला भोक असणं हा दोष नाही.

आकड्यामुळे किंमत चढते आणि सगळ्यात जास्त लबाडीही तिथेच होते. मूळ आकडा क्रॉसगार्डशी एकसंध असतो. चिकटवलेला असेल तर सांध्याजवळ वेल्डिंगचे बारीक टोचे, रंगातला फरक किंवा कानशीचे आडवे ओरखडे सापडतात. बॅटरी अगदी तिरपी धरा, समोरून प्रकाश टाकला तर काहीच दिसणार नाही.

ठसा दहापट भिंगाखाली बघा. ठोकलेल्या ठशाची कड धारदार, तळ दाबलेला आणि खोली जराशी कमी-जास्त असते. साच्यात ओतलेल्या नकलेत अक्षरं गोलसर, मऊ दिसतात. आजूबाजूला गंजाचे खड्डे आहेत आणि अक्षरांचा तळ मात्र चकचकीत, तर ठसा गंजानंतर मारलेला आहे. खरा गंज तपकिरी-काळा, घट्ट आणि ठिकठिकाणी वेगळा असतो. आम्ल लावून आणलेला नारिंगी, भुकटीसारखा, सगळीकडे सारखाच पसरलेला.

मुठीच्या लाकडी पाट्यांकडेही लक्ष द्या. लाकूड वर्षानुवर्षं आकसतं, म्हणून मधलं लोखंड बोटाला किंचित वर आलेलं लागतं. अगदी समतल असेल तर लाकूड नवीन किंवा नंतर घासलेलं. स्क्रूच्या खाचा खरवडलेल्या असतील तर मूठ उघडली गेलेली आहे.

बारीक मापं घेणारं व्हर्नियर जवळ ठेवा: पातं सुमारे 432 मिलिमीटर, बंदुकीच्या नळीवर बसणाऱ्या कडीचं आतलं माप सुमारे 16.5. लांडं पातं म्हणजे लगेच नक्कल असं मात्र समजू नका. दुसऱ्या महायुद्धात बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात सुमारे 12 इंची पाती बनली.

म्यान दुसऱ्याच संगिनीचं निघणं नेहमीचं आहे, त्याने फक्त किंमत कमी व्हावी. फ्रेंच 1874 च्या ग्रास रायफलच्या संगिनीचा भाव मात्र क्रॉसगार्डवरचा आणि म्यानावरचा क्रमांक जुळला तरच पूर्ण द्यावा. तिच्या पात्याच्या पाठीवर कारखाना, महिना आणि साल वळणदार अक्षरांत कोरलेलं असतं, तेही भिंगाने वाचा.

दुरून घेत असाल तर ठशांच्या दोन्ही बाजू, आकड्याचा सांधा आणि मुठीचं टोक यांचे तिरप्या उजेडातले फोटो मागा. विकणारा 'स्वच्छ करून पाठवतो' म्हणाला तर त्याला नको म्हणा. पॉलिश झालं की वर सांगितलेल्या निम्म्या खुणा पुसल्या जातात.